डीपासून पुढे

गावाचं नाव लिहायचं स्लेथवेट,
म्हणायचं स्लॉविट.
मधली अक्षरं कधीतरी कालव्यात पडली असणार,
काढायला कुणी उतरलं नाही.

तिथे थिर्झा आर्मिटेज, वय चौऱ्याहत्तर,
लाँड्रीत परक्यांच्या चादरींच्या घड्या घालते.
चर्चच्या जुन्यापान्या सामानात
तिला पन्नास पेन्सला एक शब्दकोश मिळाला,
पाठ फाटलेला, ए, बी आणि सी बेपत्ता.
कुणाच्या तरी शेकोटीत गेले म्हणे.
तेव्हापासून थिर्झाची इंग्रजी डीपासून सुरू होते.

पहिला हाती लागला तो फजेल:
कामाचा नुसता आव आणणं.
ड्रायरच्या काचेत गरगरणारे मोजे
ती बघत राहिली,
आणि चाळीस वर्षं आपण जे करत आलो
त्याला नाव आहे, हे कळून
एकटीच खो खो हसली.

मग चटकच लागली.
गालात खडीसाखर धरावी तसा
आठवडाभर एक शब्द धरून ठेवायचा
आणि नेमका माणूस दिसला
की हळूच बाहेर काढायचा.

दुसऱ्याच्या ताटाकडे मुकाट बघत बसणं,
कुणी तरी 'ये, बस' म्हणेल या आशेवर:
त्याला ग्रोक.
चॅपेलच्या जेवणाला हे दोघं करत होते,
मिस सायक्सचा कुत्रा आणि शेजारी पाद्रीबुवा.
पाद्रीबुवांनी शब्द वहीत टिपून घेतला.
सॉसेज कुत्र्याला मिळालं.

पोस्टमनला म्हणाली,
माझं न्यूडिअस्टर्शन पार्सल कुठंय रे?
तो बिचारा खात्याची नियमावली उलटत बसला.
अर्थ एवढाच: परवाचं.
आपलं जिथे तीन अक्षरांत भागतं
तिथे हिची मालगाडी
फाटकातून जाता जात नाही.
थिर्झाला त्याची पर्वा नाही.

खाटीक सेथ हेग दुकान उघडं टाकून
कालव्यावरच्या बोटी बघत उभा राहायचा.
त्याला ती भर रस्त्यात म्हणाली,
सेथ, तू अस्सल गोंगूझलर आहेस.
तीन शुक्रवार त्याने तिला
मटणापेक्षा हाडंच जास्त घातली.
चौथ्या शुक्रवारी अ‍ॅबर्डीनहून
लेकीने फोनवर अर्थ सांगितला:
कालव्याकाठी रिकामा बघत उभा राहणारा.
सेथने समोर पाहिलं.
दारं मिटलेल्या लॉकमध्ये एक बोट
उतू जायच्या बेतातल्या दुधासारखी
वर वर येत होती.
आहे खरा मी, तो म्हणाला, आणि बघत राहिला.

पाचव्या शुक्रवारी हाडं नव्हती.
पुडीच्या कागदावर आतून,
थोडासा चरबीत भिजलेला, एक शब्द होता:
कर्ग्लाफ.
बर्फगार पाण्यात पहिलं पाऊल टाकताच
काळजापर्यंत चढतो तो झटका.
खाली सेथचं अक्षर:
सीमधला आहे. तुझ्याकडे नसणार.

थिर्झाने तीनदा वाचला,
चष्मा पुसून चौथ्यांदा.
हा काही बसून वापरायचा शब्द नाही, म्हणाली.

नोव्हेंबरातल्या रविवारी, सकाळी सात वाजता,
स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचून
ती नदीच्या पायऱ्या उतरली.
पुलावर सेथ, हातात टॉवेल, बगलेत थर्मास.
चौथी पायरी पाण्याखाली होती.

तिच्या तोंडून जो शब्द निघाला
तो कर्ग्लाफ नव्हता.
तो फार आखूड होता,
त्याला कोश लागत नाही,
आणि पलीकडच्या तीरावरची बदकं
तो ऐकून उडून गेली.

मग निळ्या ओठांनी, दात वाजवत,
क-क-कर्ग्लाफ, ती म्हणाली,
आणि सेथने टोपी काढली.

पायऱ्यांवर बसून दोघांनी चहा घेतला.
थर्मासच्या तळाशी घोटालाही न पुरेल
एवढा काही उरला.
त्या उरलेल्यालाही एक शब्द आहे,
टीमध्येच सापडतो.
पण तो थिर्झाने गालात धरलाय,
पुढच्या आठवड्यासाठी.