अक्षराला बारा रुपये

मैनुद्दीन पेंटरचा दर अक्षराला बारा रुपये.
काना-मात्रा त्यातच. जोडाक्षर एकच धरायचं.
आमच्याकडे साडेचारशे,
आणि खानापुरात स्टेशन रोडला
कौलांच्या डेपोची भिंत,
मालकानं दिवाळीपर्यंत वापरा म्हणून दिलेली.

कन्नड वर, ठळक. मराठी खाली.
ते आम्ही ठरवायचं नव्हतंच.
ठरवायचं होतं वाक्य.

भरमाण्णा म्हणाला, खिडकी बंद, दार उघडं.
शिवलीला म्हणाली, सुताराचं दुकान समजून
फोन करतील लोक.
मी सुचवलं :
भाड्याच्या घरात खिळा मारता येत नाही.
पंधरा अक्षरं, एकशेऐंशी,
कन्नडात किती होतील कोण जाणे,
शिवाय आमच्यातले तिघे भाड्यानंच राहतात.

फुकट. छत्तीस रुपये.
कन्नडात पुक्कटे, तेवढेच.
दोन्हीकडच्यांना कळतं
आणि दोन्हीकडचे किंमत करत नाहीत.
"फुकट म्हटल्यावर व्हायरस असणारच की,"
मागच्या बाकावरून ज्योकिम.

मुक्त म्हणावं, तर हगणदारीमुक्त, दारूमुक्त.
पेंटरचा हात जरा इकडेतिकडे झाला
तर संगणकमुक्त शाळा.

मग शिवलीलानं फळ्यावर लिहिलं : उचित.
तिच्या भाषेत, पैसे पडत नाहीत.
माझ्या भाषेत, जे करायला हवं ते.
आम्ही दोघी एकाच शब्दापुढे उभ्या,
आपापल्या बाजूनं वाचत.
"पण मोकळेपणा कुठं गेला ह्यात?"
भरमाण्णाचं बरोबर होतं.

मैनुद्दीन कधीचा स्टुलावर बसलेला,
रॉकेलच्या फडक्याला ब्रश पुसत.
"तीस वर्सं 'क' काढतोय.
कुणाला इचारून?
वडलांचा बघून मी काढला,
माझा बघून सादिक काढतोय,
शेपूट जरा लांब ओढतोय, त्येची मर्जी.
मी पैसे हाताचे घेतोय.
अक्षराचे न्हवं."

कुणीच बोललं नाही.
ज्योकिम बोटांवर मोजायला लागला.

ते मात्र भिंतीवर गेलं नाही.
बोलणाऱ्याकडूनच
त्याच्या बोलण्याचे पैसे लावून घ्यायचे कसे,
हे कुणाला सुचेना.
वर कन्नडात उचित, खाली मराठीत मुक्त,
मधे पेंग्विन, बदकासारखा,
आणि क्लासचा नंबर.
दहा आकड्यांचे त्यानं काही धरले नाहीत.

पहिला फोन रात्री साडेनवाला आला.
"कौलं कशी शेकडा?"