जिव्हाळी

बिब्ब्याची नखं वाढली होती.
फरशीवर चालला की टक टक टक,
आत कुणी टाचण्या मोजतंय जसं.
कोपरखैरण्यात, तीन टाकीच्या मागे आमचं सिडकोचं घर,
पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही,
आणि मधल्या उंबऱ्यावर हे अडीच महिन्यांचं काळं पिल्लू
ज्याला गिऱ्हाइकांच्या साड्या फार आवडतात.

तांडेलबाईंच्या जॉर्जेटला फॉल लावत होते.
एक उडी, आणि एक धागा ओढला गेला
काठापासून वीतभर आत.
तेव्हा तांडेलबाईंसमोरच हे एक वाक्य बोलले.
ते इथे लिहीत नाही.
लहानच होतं.
त्यानंतर नऊ दिवस आमच्यात
मीठ, किल्ली, गॅसवाला, एवढेच शब्द.

रविवारी दुपारी मी नेलकटर काढलं,
सेक्टर पंधरातून आणलेलं, एकशे ऐंशीचं.
संध्याकाळी नाही. दिवेलागणीला नखं कापली
की लक्ष्मी जाते, सासूबाई म्हणायच्या.
कुत्र्याच्या नखांनीही जाते का
हे विचारायचं राहून गेलं.

पिल्लाला मांडीत घेतलं.
एका हातात पंजा, एका हातात कटर,
तोंड धरायला तिसरा हात नाही.
चोवीस वर्षं कात्री चालवतेय,
खण, मखमल, निसरडं सॅटिन.
कापडावर खडूची रेघ असते.
चुकलंच तर शिवणीत माया ठेवलेली असते,
उसवून वाढवता येतं.
नखात माया नसते.
काळ्या नखात तर रेघही नाही,
जीव कुठपर्यंत आलाय
बाहेरून कळत नाही.

हे उठले.
"आधी हुंगू दे त्याला ते," म्हणाले,
आणि दह्याची वाटी घेऊन समोर उकिडवे बसले.
गुडघे वाजले दोन्ही.
पिल्लू चमचा चाटत राहिलं.
कट.
कट.
तिसऱ्याला मी जरा आत गेले.

फार ओरडलं नाही. एकदाच.
मग माझ्याकडे बघितलं,
तूच का, असं.
रक्ताचा थेंब गाउनवर, मग दुसरा.
यांना रक्त बघून घेरी येते.
रबाळ्याच्या कंपनीत एकाचं बोट गेलं
तेव्हा बोटवाल्याआधी यांनाच आडवं करावं लागलं होतं.
तरी दाढीच्या डब्यातली तुरटी आणली,
भिंतीकडे तोंड करून
हात मागे करून दिली.

"जिव्हाळी लागली," मी म्हटलं.
"लागणारच. काळं आहे. दिसतं कुठे," भिंतीला म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"मलाही दिसलं नव्हतं."

मी उत्तर दिलं नाही.
तुरटी दाबून धरावी लागते.
बोलायला गेलं की सुटते.

पुढची नखं तांदळाएवढी तांदळाएवढी कापली.
दर वेळी टोक उजेडात धरायचं,
मधे ओलसर ठिपका दिसला की थांबायचं.
हे ठिपका शोधायला वाकायचे,
चष्म्याला चष्मा लागायचा.
मागच्या उजव्या पायाचं एकच नख पांढरं,
त्यातला गुलाबी धागा लख्ख दिसतो,
म्हणून ते शेवटी ठेवलं.
पण त्याआधी दही संपलं
आणि बिब्ब्या यांच्या पावलावर डोकं टाकून झोपला.
हे अर्धा तास हलले नाहीत.
चार राहिली. पुढच्या रविवारी.

मंगळवारी तांडेलबाई साडी न्यायला आल्या.
ओढलेला धागा मी सुईने मागे घेतला होता,
उजेडात धरलं तरच कळतं.
त्यांनी उजेडात धरली.
काही बोलल्या नाहीत.
फॉलच्या टिपेत एक काळं टोक अडकलेलं होतं,
ते मी उचलून खडूच्या डबीत टाकलं.

"कोण आहे?" आतून.
"तांडेलबाई."

काहीच नाही थोडा वेळ.
मग टक टक, आधीपेक्षा हलकं,
आणि त्यामागे अनवाणी पावलं,
उंबऱ्यापर्यंत आलेली.