पाण्यात गेलेले पैसे

अहवालाच्या नमुन्यात सदतीस रकाने आहेत,
अपयशासाठी एकही नाही.
'अपेक्षित निष्पत्ती' आहे, 'साध्य निष्पत्ती' आहे,
आणि दोहोंच्या मधे बोटभर कोरी जागा.
तीन दिवस झाले,
मी तिथे पेन्सिलीनं मासे काढते आहे.

ऑर्कनीतला मार्च. इथला वारा
दार ठोठावत नाही, दारच घेऊन जातो.
एकतीस तारखेच्या आत रक्कम खर्ची पडावी, असं
एडिनबराहून पत्र आलंय. दोनदा. नम्रपणे.
पण भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते.
हजेरीपटावर तिची सही नाही,
आर्थिक वर्ष कधी संपतं
ते तिला कुणी कळवलेलं नाही.

एडे बेटाजवळ, चाळीस मीटर खाली,
आमचं चक्र अकरा महिने फिरलं.
शाळेच्या चार खोल्या त्यानं उबदार ठेवल्या
आणि धक्क्यावरच्या मासळीसाठी बर्फही केला,
एकाच पाण्यावर दोन्ही.
बाराव्या महिन्यात तिसरं पातं गेलं.

तपासनीस आले. अर्कहार्ट. तरुण, नवे कोरे बूट,
होडीत पाय ठेवल्यापासून हिरवे पडलेले.
फाईल छातीशी धरून म्हणाले,
"एवढ्या रकमेत कुठंतरी पाणी मुरतंय."
थोरा ड्रेव्हर हसली नाही.
तिनं बांगडीएवढं रबरी कडं त्यांच्या तळहातावर ठेवलं
आणि नखानं दाखवली केसाएवढी चीर.
"इथं."

त्यांनी ते बराच वेळ फिरवून पाहिलं.
कागदावर काहीच लिहिलं नाही.
मग कठड्यावरून वाकून ओकले,
तोंड पुसलं, आणि विचारलं,
"पुढचं कडं कशाचं करणार?"

होडी एर्लंड फ्लेटची. खेकडे धरणारा माणूस,
पहिल्या सभेत आमच्यावर खुर्ची उगारलेला.
परतताना म्हणाला, यात माझ्या कराचे किती?
मी तिथंच, पाठकोऱ्या पावतीवर, हिशेब केला:
बावीस वर्षांचा मिळून एक बोल्ट. वॉशरसकट.
"कुठला?"
कुठला म्हणजे?
"दाखव."
आता तो त्याच्या खिडकीत आहे,
शिंपल्यांच्या रांगेत, तेल लावून ठेवलेला.
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, अकरा महिने धरून होता,
सैल पडला तो माझा नव्हे.

पातं थोराच्या मावशीच्या कुरणात उभं केलंय.
मेंढ्या त्याच्या आडोशाला बसतात.
'निकामी मालमत्तेची विल्हेवाट' या रकान्यात
हे कसं लिहायचं, मला माहीत नाही.

आज रात्री, दिवा जाण्याआधी,
कोऱ्या जागेत एवढंच लिहिलं:
सापडली – एक चीर.
जाडी – केसाएवढी.
खर्च – संपूर्ण रक्कम.
आणि खाली, अर्कहार्टचाच प्रश्न,
पुढच्या वर्षीच्या अर्जाचा मथळा म्हणून.

मासे मी खोडले नाहीत.