मुखरूचा खोकला

वडशाला शब्बीरभाईच्या भंगारात
तांब्याच्या तारांखाली सापडली ती कॅसेट.
दीड रुपया. डबीला तडा.
कव्हरवर चार गोरी पोरं
बंद दुकानाच्या शटरला टेकलेली,
जणू मालक जेवायला गेलाय
आणि यांना उधारी मागायची आहे.

बँडचं नाव विंटर फेरी.
फेरी म्हणजे त्यांच्याकडची नाव, गेडाम सरांनी सांगितलं.
मुखरू भोयर म्हणाला, फेरी म्हणजे फेरीच जी,
दिवाळीपासून होळीपर्यंत, आपली असते तशी.
अल्बमचं नाव स्लो गुड्स.
ते कोणाला विचारावं लागलं नाही.
स्टेशनात रोज दोन तास उभी असते.

डबीत घडी घातलेलं इंग्रजी कात्रण होतं.
सरांनी चष्मा पुसून वाचलं:
दुसरा अल्बम. पहिल्याची धार नाही.
गिटारी जागच्या जागी फिरतात. पाचपैकी दोन तारे.
मुखरू म्हणाला, बैल बी खळ्यात जागच्या जागीच फिरते,
धान निंगते ना त्यातून?
मग विचारलं, पहिला कुठं भेटन?
कुठंच भेटला नाही.
म्हणून आमच्याकडे दुसराच पहिला.

मी तेव्हा कंपनीत ऑक्टोपॅड वाजवायचो.
मुखरूकडे कलकत्त्याची गिटार, पाच तारांची;
सहावी तुटल्यापासून त्यानं तिची आठवण काढली नव्हती.
तीन महिने तो धानाच्या बांधीवर बसून
पहिल्या बाजूचं चौथं गाणं खोदत राहिला,
पेन्सिलनं टेप मागे फिरवत,
सेल वाचवत.

गाण्याच्या मध्यात गिटार थांबते.
एक मात्रा, दोन.
तिथे कोणीतरी खोकतं.
लांबून, तोंडावर हात घेऊन,
चूक झाली हे कळलेल्या माणसासारखं.

मुखरूनं खोकलाही बसवला.
मी म्हटलं, अरे, तो चुकून आला असेल.
टेपात हाय ना? तो म्हणाला. मंग गान्यात हाय.

त्या हंगामात आसाराम गहाणे खलनायक होता.
त्याच्या एन्ट्रीला आम्ही ते वाजवलं,
नवरगावला, शंकरपटाच्या रात्री.
खड्ड्यात तीन-चार हजार माणूस,
ब्लँकेटं, शेंगांची टरफलं, झोपलेली लेकरं.
गिटार थांबली. मुखरू खोकला.
अंधारातून कुण्या बाईचा आवाज आला:
उगी राय, आला तो.

बावीस हंगाम झाले.
आसाराम गेला, त्याच्यानंतर तिघं आले,
नाटकं बदलली, पडदे बदलले,
ऑर्गनवाल्यानं दोनदा कंपनी सोडली.
सिंदेवाहीत आता पोरं आधीच खोकतात.
सारा खड्डा खोकतो.
मुखरू थांबतो, त्यांचं संपू देतो,
आणि शेवटी आपला खोकतो.

परवा भाच्यानं, प्रज्वलनं, मोबाईलवर तो अल्बम काढला.
बँड त्यानंतर मोडला म्हणे.
एक जण बस चालवतो, एकाचा पत्ता नाही.
ऐकणारे किती, त्यानं आकडा वाचला: एकशे बारा.
मुखरू हसला. एकशे बारा तर आमच्याकडे
तिकिटाच्या खिडकीवर भांडायलाच असतात.

चौथं गाणं लावलं.
नव्यानं धुऊन काढलेलं,
तार न् तार वेगळी.
गिटार थांबली. मुखरूनं डोळे मिटले.
काहीच आलं नाही.
दोन मात्रा नुसत्या कोऱ्या,
आणि गिटार पुढे.

त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.
पुसला बाप्पा यायनं, म्हणाला,
आणि फोनकडे बघत राहिला,
ओळखीच्या घरी जावं, ओसरीवरची बाज रिकामी दिसावी,
आणि विचारायचा धीर होऊ नये तसा.

आज कुरखेड्याला प्रयोग आहे.
थंडीनं तारा चढल्यात, तो एकेक उतरवतोय.
घसा खरखरतोय तुझा, मी म्हटलं, गोळी घेतली का?

एन्ट्री होऊ दे, म्हणाला,
मंग घेतो.