सात गॅरेजांचा एक स्कॅनर

सुआमेच्या तेलकट गल्लीत
सकाळ होते ती हातोडीनं.
कोंबडा नंतर. मग रेडिओ.
रेडिओवर राजधानीतले कुणी साहेब
देशाची स्पर्धाक्षमता वाढवायला निघालेले असतात,
कुशल मनुष्यबळ, म्हणतात,
सामाजिक भांडवल, म्हणतात,
इसाका बॅटरीची तार जरा हलवतो
आणि साहेब नेमके भांडवलापाशी तुटतात.

इथं सात गॅरेजं, स्कॅनर एक.
अकरा महिने भिशी भरली तेव्हा आला.
मध्ये गिअरबॉक्सवाल्या म्पियानीची आई वारली,
त्या महिन्याचे पैसे शवपेटीला गेले,
कुणी ब्र काढला नाही.
निदान मोठ्यानं नाही.

रात्री तो फोस्टिनाच्या खानावळीत झोपतो,
तांदळाच्या कपाटात, फडक्यात गुंडाळून.
सातही जणांचा एकमेकांवर विश्वास आहे
असं मुळीच नाही.
पण सातही जणांची उधारी तिच्या वहीत आहे
आणि तिनं आजवर एकाचं पान
दुसऱ्याला दाखवलेलं नाही.

गुरुवारी एक व्हॅन आली.
जर्मनीत म्हातारी होऊन इथं कामाला लागलेली,
दारावर अजून कुठल्याशा बेकरीचं नाव,
सीटखाली कुणा पोरीची लाल क्लिप.
न्यार्को उस्तादांनी डोळे मिटले,
इंजिनाची नाडी धरली कानानं.
"इंजेक्टर," म्हणाले. "तिसरा."
बत्तीस वर्षांत त्यांना कुणी
"नक्की?" असं विचारलं नव्हतं.

सेरवानंही विचारलं नाही.
तिनं केबल लावली, इतकंच.

तीन वर्षं तिनं डिझेलमध्ये नट धुतलेत.
तेराचा पाना आणि चौदाचा
अंधारात बोटांनी ओळखते.
संध्याकाळी तंत्रशाळेत जाते,
तिथं तिच्या बाकावर समोरच्या गॅरेजचा पोरगा बसतो.
दिवसा दोघं एकच गिऱ्हाईक ओढतात,
संध्याकाळी दोघांत वही एक,
पेन्सिलही एकच, तीही त्यानं चावलेली.

पडद्यावर अक्षरं उमटली.
तिनं वाचली. पुसून परत वाचली.
तिसरा नव्हे. इंजेक्टरच नव्हे.
कुठल्याशा सेन्सरपर्यंत वीजच पोचत नव्हती.

गल्ली शांत झाली,
म्हणजे बारातल्या चार हातोड्या थांबल्या.

शिकाऊ पोरानं उस्तादाचं वाक्य खोडायचं नसतं,
हे कुठं लिहिलेलं नाही,
म्हणून तर ते कुणाला खोडताही येत नाही.

"वाच," उस्ताद म्हणाले. "मोठ्यानं."

तिनं वाचलं. आवाज मध्येच घसरला.

ते वाकले. गुडघे वाजले.
हात इंजिनाच्या पोटात, पार खांद्यापर्यंत,
बराच वेळ तिथंच.
बाहेर आला तेव्हा चिमटीत तार होती,
उंदरानं कुरतडलेली.

"चुकलो," म्हणाले.
गिऱ्हाइकासमोर. समोरच्या गॅरेजसमोर.
मग तिच्या स्टुलावर बसले
आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले,
"हे पहिलं अक्षर कुठलं?"

दुपारपर्यंत बातमी तीन रांगा ओलांडून गेली.
चारच्या सुमाराला गॉडफ्रेड आला,
लंगडी टॅक्सी ढकलत, घामेघूम.
भिशीत नाही. बोलणंही नाही,
चार वर्षं, एका हरवलेल्या जॅकवरून.
टॅक्सीकडेच बघत म्हणाला,
"तुमच्या पोरीला वाचता येतं म्हणे."

सात उस्ताद बाकावर बसले.
कुणी म्हणालं, आज एकाला दिला तर उद्या रांग लागेल.
कुणी म्हणालं, लागू दे की रांग.
म्पियानी काहीच म्हणाला नाही,
गॉडफ्रेड त्याच्या आईच्या मयताला आला होता,
सगळ्यात मागे, उभ्यानंच.
वाद अंधार पडेपर्यंत चालला असता.

फोस्टिनानं भात वाढता वाढता
डाव्या हातानं वही ओढली,
सात पानं उलटली,
आठव्या कोऱ्या पानावर
त्याचं नाव लिहिलं, पुढं एक ताट भात.

सेरवा कपाटाकडे निघाली होतीच.

जॅकचं काय,
ते अजून ठरायचंय.