कोटिंगआधी

पास्कोल बोटांवर चढवतो
ब्रेडची रिकामी पिशवी
आणि बॉनेटवरून हात फिरवतो, डोळे मिटून.
"बघा तुम्हीच."
उघड्या बोटांना काच लागत होती,
प्लास्टिकआडून रवा.

"अठरा दिवसांचीच आहे हो गाडी."
"अठरा दिवस माहुलच्या वाऱ्यात.
त्याआधी यार्डात किती, कोण सांगणार?
नवी फक्त कागदावर असते."

फेसाचं पाणी. मग मातीची मऊ वडी,
अलगद, सरळ रेषेत, न दाबता.
वडी करडी होत जाते,
घडी घालून तो कोरी बाजू वर काढतो.
एकदा हातातून निसटली, फरशीवर पडली.
उचलली नाही. नवी फोडली.

बॉनेटच्या मधोमध मात्र थांबला.
आईने काढलेलं स्वस्तिक इथे होतं.
कुंकू केव्हाच धुतलं गेलं,
उरलाय तिच्या अंगठीचा ओरखडा,
टॉर्च तिरका धरला तरच दिसणारा,
चार रेघांतली एक.

"पॉलिशने जाईल. पण आत्ताच सांगा.
वर थर बसला,
की आत राहिलं ते राहिलं."

गावठाणात कुणीतरी सुकट भाजत होतं.
मी टॉर्च मागून घेतला,
तिरका केला. पुन्हा केला.
"दरवाजे घ्या ना आधी," म्हटलं.