अवांतर

गाबोरोनीत, दोन नंबरच्या मैदानावर
माझं टेबल काटेरी झाडाच्या सावलीत असतं.
सावली सरकते तसं मी टेबल सरकवते,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनदा.
टोक केलेल्या पेन्सिली चार, खोडरबर एक,
आणि वाऱ्याने वहीची पानं उडू नयेत म्हणून
पाणीखात्यातल्या जुन्या नोकरीतून उरलेले
दोन पितळी नळ.

मोझांबिक : चार बाद एकशे त्रेसष्ट.
मग लेसोथो.

लेसोथोच्या पानावर लिहायला फार नव्हतं.
शून्य. शून्य. तीन. शून्य.
दोन. शून्य. एक.
इसाल्टीना कोस्सा धावत येते तेव्हा
आधी तिचे खांदे दिसतात,
मग त्रिफळा उडालेला दिसतो.
मधलं काही मला तरी दिसत नाही.
मी टिंबं देत होते, टिंबांवर टिंबं,
सांडलेल्या मोहरीसारखी.

सगळ्यांत जास्त धावा अवांतरच्या.
तेरा. अकरा वाइड, दोन लेगबाय.
अवांतर नावाची बाई दर सामन्यात खेळते.
तिला जर्सी नाही. तिला घरून फोन येत नाही.
तिला बाद करता येत नाही.
या स्पर्धेत तिच्याइतकी सातत्याने खेळणारी
दुसरी कोणी मला सापडलेली नाही.

नऊ बाद वीस.
पुलेंग आली. शेवटची.
पॅड दुसऱ्या कुणाचे, डाव्या पॅडचा पट्टा
मातीत रेघ ओढत येणारा.
पहिला चेंडू : टिंब.
दुसरा : टिंब, शिवाय यष्टीरक्षकाची जीभ चावली गेली.
तिसरा कशाला तरी लागला
आणि पॉइंटकडे रेंगाळत निघाला,
कुणाचंच काम नसल्यासारखा.

पुलेंग बघत उभी.
पलीकडून मांफो ओरडली, अगं पळ!
मग ती पळाली, बॅट दोन्ही हातांत आडवी धरून,
जशी कोणी पाण्याची बादली नेते, सांडू न देता.

प्रेक्षक एकूण नऊ.
त्यातले दोन पहारेकरी, एक चहावाली.
चहावाली उभी राहिली : पुला!
आमच्याकडे पुला म्हणजे पाऊस,
पुला म्हणजे पैसा, पुला म्हणजे शाब्बास.
ज्याची ज्याची टंचाई, त्याला एकच शब्द.
तिच्या डोंगरातही हाच शब्द आहे.
तिच्या तर नावातच आहे.

मी पंचांकडे पाहिलं.
नामिबियाचा माणूस, उन्हाने वैतागलेला.
त्याने गुडघ्याला हात लावला नाही.
मी लिहिलं : एक.

पुढच्याच षटकात मांफोचा त्रिफळा.
सर्वबाद एकवीस. पुलेंग नाबाद एक.

हस्तांदोलनं झाल्यावर ती टेबलापाशी आली.
तिचं सेसोथो, माझं सेत्स्वाना,
निम्मे शब्द सख्खे, निम्मे चुलत.
कुठंय? तिने विचारलं.
मी बोट ठेवलं.
तिने फोटो काढला, बोटासकट.

मासेरूच्या कारखान्यात मी जीन्सचे मागचे खिसे शिवते,
ती म्हणाली, दिवसाला चारशे.
सुपरवायझर लाइनच्या नावावर लिहितो. लाइन सात.
या पाच दिवसांचा पगार नाही.

मग वाकून, मोझांबिकच्या मुली ऐकतील अशी भीती असल्यासारखी :
पॅडला लागला होता, मावशी. बॅटला नाही.

माझी तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचण्यात गेली.
काटा जे दाखवेल तेच लिहायचं,
घरात कोण रडतंय ते नाही.
तेच तिला सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, पंचांना विचार.
ती हसली. पंच सँडविच खात होते.

बसचा हॉर्न वाजला. ती पट्टा ओढत गेली.
खोडरबर डब्यात होतं.
डब्याचं झाकण घट्ट बसतं, मुद्दाम उघडावं लागतं.

दीड वाजता मलावी विरुद्ध एस्वातिनी.
मी टेबल चौथ्यांदा सरकवलं,
नवं पान काढलं
आणि सगळ्यांत खाली, नेहमीच्या जागी,
आधी तिचं नाव लिहिलं :
अवांतर.